बोलका विनिमय आणि मुका विनिमय

१

वस्तू देऊन वस्तू घेणे हा व्यवहार अर्थशास्त्राच्या कक्षेतील आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची नाही. परंतु अपुरी आहे. जेथे पैसा मध्ये असतो तेथे किंमत एका आकड्यात सांगता येते, आणि आकडा उच्चारला की पुढचे बोलणे झाले नाही तरी अडत नाही. जेथे पैसा मध्ये नसतो तेथे दोन विजातीय वस्तू एकमेकींच्या तोलाच्या आहेत हे कोणीतरी कोणाला तरी पटवून द्यावे लागते. आणि पटवून देण्याचे साधन भाषेवाचून दुसरे नाही. म्हणून वस्तुविनिमय हा जितका मालाचा तितकाच वाणीचा व्यवहार होय. प्रस्तुत लेखात या दृष्टीने एका खेळाचे परीक्षण करावयाचे आहे, आणि त्या परीक्षणासाठी निकष म्हणून गिरगावापासून लालबागपर्यंतच्या चाळींतील देवघेवीचा आधार घ्यावयाचा आहे.

हा खेळ म्हणजे 'निओपेट्स'. संगणकाच्या पडद्यावर काल्पनिक प्राणी पाळण्याचा हा खेळ ॲडम पॉवेल व डॉना विल्यम्स या दोघा ब्रिटिशांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू केला. त्यापूर्वी, १९९६ साली, जपानमधील बान्दाई या कंपनीने 'तामागोत्ची' नावाचे मुठीत मावेल असे पाळीव प्राण्याचे खेळणे बाजारात आणले होते. परंतु तेथे मूल आणि यंत्र यांच्यापलीकडे तिसरे कोणी नव्हते. निओपेट्समध्ये प्राण्याला भूक लागते, त्याला खाऊ, खेळणी, पुस्तके, रंग बदलणारे कुंचले अशा वस्तू लागतात. आणि त्यांपैकी पुष्कळशा दुसऱ्या खेळाडूंकडून मिळवाव्या लागतात. भारतात आंतरजालाची सार्वजनिक सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तिच्यामुळे असे खेळ येथल्या मुलांच्याही आवाक्यात आले. मुलांचा वेळ घालवणारी करमणूक म्हणून या खेळाची बोळवण करणे सोपे आहे. पण ज्या व्यवस्थेने लक्षावधी मुलांना पैशावाचून सौदा करावयास बसविले, तिने त्यांना सौद्याची भाषा कितपत दिली हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारावयास हवा.

२

आरंभी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रथम वस्तुविनिमय होता, त्याच्या अडचणींतून पैसा जन्मास आला, आणि पैसा आल्यावर वस्तुविनिमय मागे पडला, अशी मांडणी ॲडम स्मिथने १७७६ साली केली आणि पाठ्यपुस्तकांनी ती पुढे चालविली. केवळ वस्तुविनिमयावर चालणारी अर्थव्यवस्था प्रत्यक्षात कोणी वर्णिलेलीच नाही, असे मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलाइन हम्फ्री यांनी १९८५ मध्ये निक्षून सांगितले. डेव्हिड ग्रेबर यांनी २०११ मध्ये तोच मुद्दा विस्ताराने मांडला. वस्तुविनिमय हा पैशाचा पूर्वज नसून पैशाचा शेजारी आहे. पैसा जेथे पुरत नाही किंवा शोभत नाही तेथे तो उभा राहतो.

मुंबईइतके याचे स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. ज्या शहरात टांकसाळ आहे, शेअरबाजार आहे, त्याच शहरात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरत आली. पूर्वी पितळ आणि ॲल्युमिनियम, नंतर स्टेनलेस स्टील, त्यानंतर प्लॅस्टिक असा तिच्या पाटीतला माल बदलत गेला. व्यवहाराचे रूप बदलले नाही. विरलेली साडी बाजारात विकावयास कोणी मध्यमवर्गीय गृहिणी जाणार नाही. तिची किंमत काढणे म्हणजे स्वतःचीच किंमत काढून घेणे, असे तिला वाटते. त्या साडीवर पातेले घेण्यात मात्र कमीपणा नसतो. खेळातही पैसा आहे. त्याला 'निओपॉइंट' म्हणतात, आणि त्यावर चालणारी दुकानेही आहेत. पण दुकानात मागता येणाऱ्या किमतीला कमाल मर्यादा घातलेली असल्यामुळे अत्यंत दुर्मीळ वस्तू दुकानात मांडताच येत नाहीत. त्या 'ट्रेडिंग पोस्ट' नावाच्या ठिकाणी वस्तूला वस्तू अशा रीतीने जातात. चाळीत किंमत तळाशी मुकी होते, खेळात ती शिखरावर मुकी होते. दोन्हीकडे तिची जागा विनिमय घेतो.

३

मराठीच्या व्याकरणात या दोन व्यवहारांतील भेद स्पष्टपणे नोंदला गेला आहे. खरेदीसाठी मराठीपाशी स्वतंत्र देशी क्रियापद नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. 'खरेदी' हा शब्द फारसीतून आला. आपण म्हणतो 'विकत घेणे', म्हणजे विक्रीच्या मार्गाने घेणे. आणि घरगुती बोलण्यात 'विकत' हेही गळून 'साडी घेतली', 'मेथी घेतली' एवढेच उरते. घेणे हीच मूळ क्रिया. ती कशाच्या मोबदल्यात झाली हे नामाला लागणारा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय सांगते. पैशाच्या व्यवहारात आपण 'साडी पाचशे रुपयांना घेतली' असे म्हणतो. वस्तूच्या व्यवहारात 'दोन साड्यांवर पातेले घेतले' असे म्हणतो. 'दोन साड्यांना पातेले घेतले' हे वाक्य मराठी कानाला खटकते, आणि 'पाचशे रुपयांवर साडी घेतली' याचा अर्थ वेगळाच, म्हणजे पाचशे भरून बाकीची उधारी ठेवली असा काहीसा होतो.

हे 'वर' आणखी कोठे येते ते पाहिले म्हणजे त्याचा अर्थ उलगडतो. दागिन्यांवर पैसे घेतात. घरावर कर्ज काढतात. ओळखीवर काम होते. आणि माणसाच्या शब्दावर माल देतात. या सर्व ठिकाणी एक गोष्ट दुसरीचा आधार होते. 'ला' आणि 'ना' हे प्रत्यय वस्तूला आकड्यापर्यंत पोचवून थांबतात. 'वर' एक वस्तू दुसरीवर टेकवतो. टेकलेली गोष्ट नीट टेकली आहे की नाही हे पाहात राहावे लागते, आणि म्हणून 'वर'च्या व्यवहारात बोलणे लांबते. त्यातच बोहारणीच्या सौद्याच्या शेवटी आणखी एक 'वर' येतो: 'पातेले घ्या, पण वर एक वाटी द्या.' पहिला 'वर' आधाराचा, दुसरा अधिकाचा. एकाच शब्दाने सौदा उभा राहतो आणि त्याच शब्दाने तो वाढतो.

फेर्दिनां द सोस्यूर याच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषिक मूल्याची तुलना नाण्याशी केली आहे. नाणे विजातीय वस्तूशी, उदाहरणार्थ पावाशी, बदलता येते आणि सजातीय वस्तूशी, म्हणजे दुसऱ्या नाण्याशी, ताडून पाहता येते, शब्दाचेही तसेच. बोहारणीच्या पाटीसमोर ही दोन्ही कामे एका वेळी चालू असतात. साडी पातेल्याशी बदलावयाची असते; आणि त्याच वेळी ती शेजारणीने काल दिलेल्या साडीशी ताडून पाहिली जाते. हे ताडणे मनात होत नाही, मोठ्याने होते. 'किनार चांगली आहे', 'पण मध्ये विरलीय, ताई', 'जर खरी आहे', 'एवढ्यात बसत नाही, अजून एक पँट टाका' ही वाक्ये म्हणजे मूल्याची विधाने नव्हेत. त्यांतून मूल्य घडत असते. जे. एल. ऑस्टिनच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनंतर उच्चाराने होणाऱ्या कृतींचा विचार आपल्याला परिचित झाला आहे. शपथ, नामकरण, पैज ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. चाळीच्या गॅलरीतील घासाघीस हे त्याचे तितकेच सकस उदाहरण आहे.

४

मोठ्यांच्या या व्यवहाराच्या सावलीत त्याच गॅलरीत मुलांचा विनिमय चालत असे. गोट्या, काडेपेट्यांवरील चित्रे, सिगारेटची रिकामी पाकिटे, टपालाची तिकिटे, च्युइंग गमच्या वेष्टनातील क्रिकेटपटू, १९९०च्या दशकातील पहिलवानांचे पत्ते, त्यानंतर वेफर्सच्या पाकिटातून निघणाऱ्या 'टाझो' नावाच्या चकत्या: वस्तू पिढीगणिक बदलल्या, पण त्यांभोवतीची भाषा चिवटपणे टिकली. तिची तीन अंगे सांगता येतील.

पहिले, वर्गीकरण. ज्याच्या दोन प्रती आहेत ते 'डबल'; देवघेव फक्त 'डबल'ची. सोडावॉटरच्या बाटलीतून काढलेली गोटी ही साध्या गोटीपेक्षा वरची. तिच्यावर किती साध्या गोट्या मिळाव्यात याचा दर कोठेही लिहिलेला नसे, पण ज्याला तो ठाऊक नाही तो नवखा ठरे. दुसरे, बंधन. 'पक्कं' म्हटले की सौदा पुरा. त्यापुढे संशय आला तर 'आईशप्पत'. सौदा मोडणाऱ्यावर 'कट्टी'ची शिक्षा होई. ती एका मुलाने धरली तरी तिचा जाच सगळ्या मजल्यावर पसरे. तिसरे, अपवाद. प्रत्येक मुलाच्या डब्यात एक गोटी अशी असे की जिने तो नेम धरी, आणि ती कशावरही द्यावयाची नसे. ॲनेट वायनर यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा न देण्याच्या वस्तूंचे महत्त्व पॅसिफिक बेटांवरील समाजांच्या संदर्भात सांगितले. जी वस्तू देवघेवीबाहेर राहते तिच्यामुळे बाकीच्या देवघेवीला अर्थ येतो.

येथे परळ-लालबागच्या परिसरातील आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'अदलाबदल' हा मुलांच्या व्यवहाराचा शब्द. त्यातील 'बदल' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द या शहरात किती ठिकाणी कामास लागला आहे पाहा. दलाल स्ट्रीटवर सौदा पुढे ढकलण्याच्या पद्धतीला 'बदला' म्हणत. ती सेबीने १९९३ मध्ये थांबविली, १९९६ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २००१ मध्ये कायमची बंद झाली. गिरणगावात कायम कामगाराच्या गैरहजेरीत ज्याला काम मिळे तो 'बदली' कामगार. चाळ पाडून इमारत उभी करताना जो द्यावयाचा तो 'मोबदला'. या तिन्ही ठिकाणी देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तिसरा कोणीतरी असतो: दलाल, जॉबर, विकासक किंवा अधिकारी. कोणत्या वस्तूवर कोणती वस्तू हे तो ठरवितो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्याच सरत गेल्या, आणि 'बदली' या शब्दाचा तो अर्थ ज्यांनी ती खेप केली त्यांच्या आठवणीपुरता उरला. त्या शब्दकुलातील 'अदलाबदल' तेवढी दोघांची, समोरासमोरची आणि तिसऱ्यावाचूनची होती. मुलांच्या हाती ती होती, हे तिचे मोल.

५

आता खेळाकडे वळू. ट्रेडिंग पोस्टचे विधान साधे आहे. खेळाडू आपल्याजवळच्या वस्तूंची एक मांडणी करतो. एका मांडणीत जास्तीत जास्त दहा वस्तू ठेवता येतात. आपल्याला काय हवे आहे ते सांगणारी एक लहानशी ओळ सोबत लिहिता येते. दुसरे खेळाडू ती मांडणी पाहून आपल्या वस्तू किंवा निओपॉइंट देऊ करतात. मांडणी करणारा त्या प्रस्तावांपैकी एक स्वीकारतो किंवा नाकारतो. स्वीकारला की दोन्ही बाजूंच्या वस्तू एका क्षणात हात बदलतात. फसवणुकीला वाव उरत नाही. नाकारला की प्रस्ताव नाहीसा होतो.

ही रचना नवी नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या चौथ्या पुस्तकात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील अशाच व्यापाराचे वर्णन केले आहे. कार्थेजचे व्यापारी आपला माल किनाऱ्यावर मांडीत, जहाजावर परत जात आणि धूर करीत. धूर पाहून तेथील लोक येत, मालाशेजारी सोने ठेवीत आणि दूर जाऊन उभे राहात. सोने पुरेसे वाटले तर व्यापारी ते उचलून निघत. अपुरे वाटले तर पुन्हा जहाजावर जाऊन थांबत, आणि ते लोक सोन्यात भर घालीत. एकही शब्द न बोलता, आणि एकमेकांना न फसविता, व्यवहार पुरा होई. यालाच पुढे 'मुका व्यापार' असे नाव पडले. ज्यांची भाषा एक नाही अशा परस्परांना भ्यालेल्या लोकांनी शोधलेली ती युक्ती होती. निओपेट्सच्या कर्त्यांनी तीच युक्ती एका भाषेच्या, एका वयाच्या आणि परस्परांशी बोलावयास उत्सुक असलेल्या मुलांना दिली.

यामागे कारण नव्हते असे नाही. मुलांच्या खाजगी माहितीच्या संरक्षणासाठी अमेरिकेत १९९८ साली झालेला कायदा एप्रिल २००० पासून अमलात आला, आणि तेरा वर्षांखालील खेळाडूंना पालकांच्या संमतीवाचून या खेळात निरोप पाठविणे किंवा चर्चेत भाग घेणे बंद झाले. अनोळखी माणसापासून मुलाचे रक्षण करावयाचे तर बोलणे कमी करावे, ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण तिचा परिणाम असा झाला की नकाराला शब्द उरला नाही. गॅलरीत नकार देणाऱ्याला कारण द्यावे लागे: ही कोपऱ्यात फाटली आहे, ही माझ्याकडे आहे, तुझ्या तीनवर माझी एक बसत नाही. त्या कारणांतूनच मागणाऱ्याला वस्तू पाहण्याची दृष्टी येई. ट्रेडिंग पोस्टवर नाकारलेल्या मुलाला आपला प्रस्ताव का पडला हे कळत नाही. तो फक्त आणखी वस्तू रचून पुन्हा प्रयत्न करतो. मोल शिकण्याऐवजी तो ढीग वाढविणे शिकतो.

भाषेची ही पोकळी खेळाडूंनी आपल्या परीने भरली, आणि ती कशी भरली हे या खेळातील सर्वांत लक्षणीय प्रकरण आहे. त्यांनी एक आपली बोली घडविली. जे द्यावयाचे आहे त्यावर ते 'यूएफटी' ही अक्षरे लिहीत, म्हणजे देवघेवीसाठी मांडलेले. आणि जे द्यावयाचे नाही त्यावर 'एनएफटी', म्हणजे देवघेवीसाठी नसलेले. गोट्यांच्या डब्यातील नेमाची गोटी येथे तीन अक्षरांत अवतरली. या संक्षेपाचे पुढे जे झाले ते शब्दार्थाच्या इतिहासात नोंदण्याजोगे आहे. २०२१ साली या खेळाच्या नावाने नाणेबाजारातील 'एनएफटी' ची योजना जाहीर झाली. त्या एनएफटीचा हेतूच खरेदी-विक्री हा होता. खेळाडूंच्या बोलीत जी अक्षरे न विकण्याची खूण होती तीच अक्षरे सर्व काही विकण्याची खूण होऊन परत आली. खेळाडूंनी तीव्र विरोध केला. २०२३ मध्ये खेळाची सूत्रे स्वतंत्र संस्थेकडे गेल्यावर ती योजना सोडून देण्यात आली. मालकी मात्र अनेकदा फिरली: २००५ मध्ये व्हायकॉमने सोळा कोटी डॉलरना हा खेळ घेतला, २०१४ मध्ये तो जंपस्टार्टकडे गेला. इंग्रजीतील ही बोली या सर्व मालकांना पुरून उरली.

बोलीबरोबर खेळाडूंनी कोशही रचला. 'जेलीनिओ' या नावाने चाहत्यांनी चालविलेल्या संग्रहात हजारो वस्तूंच्या चालू किमतींची नोंद असते. ही नोंद उपयुक्त आहे, नवख्याची फसगत टाळणारी आहे. पण तिच्यामुळे मुका व्यापार अधिकच मुका झाला, हेही खरे. दोन्ही पक्ष एकाच तक्त्यात पाहून आकडे जुळवू लागले की वस्तुविनिमय नावापुरता उरतो. 'वर'ची जागा 'ला' घेतो.

६

एवढ्यावरून खेळाला सदोष ठरविणे कठीण नव्हते. परंतु खेळाच्या आतच असा एक विभाग आहे की जो या निर्णयाला अडवितो. २००७ साली खऱ्या पैशाने विकत घ्यावयाच्या सजावटीच्या वस्तूंचे दुकान या खेळात उघडले. या वस्तू ट्रेडिंग पोस्टवर मांडता येत नसत. त्या भेटीच्या खोक्यात घालून एका खेळाडूने दुसऱ्याला पाठवाव्या लागत. भेट एकतर्फी असते. पहिल्याने पाठविले आणि दुसऱ्याने पाठविलेच नाही, तर यंत्र काही करीत नसे. तरीही या वस्तूंची देवघेव थांबली नाही. उलट तिच्याभोवती शिष्टाचाराची एक भाषा उभी राहिली. आधी कोणी पाठवावे, कोणाची साक्ष घ्यावी, पूर्वीच्या किती सौद्यांचा दाखला पुरेसा मानावा, हे सर्व बोलून ठरवावे लागले. येथे माल शब्दावर दिला जाऊ लागला. मराठीतील 'शब्दावर' या प्रयोगाचा इतका नेमका पाठ दुसरीकडे सापडणार नाही. कर्त्यांनी जेथे चोख यंत्रणा दिली तेथे खेळाडू मुके राहिले; जेथे यंत्रणा दिलीच नाही तेथे ते बोलू लागले, आणि एकमेकांना जबाबदारही झाले.

मग बोलका विनिमय सर्वस्वी चांगला आणि मुका सर्वस्वी वाईट, असे म्हणावे काय? तसे म्हणता येणार नाही. आणि याचे कारण पुन्हा बोहारणीच्या पाटीपाशीच सापडते. मुंबईत हा व्यवसाय करणाऱ्या स्त्रिया बहुतांशी वाघरी समाजाच्या. घरी गुजराती, दारात मराठी आणि हिंदी, अशा तीन भाषांतून त्यांचा दिवस जातो. त्यांच्या संवादातील संबोधने पाहावीत. बोहारीण गृहिणीला 'ताई', 'भाभी', 'काकू' म्हणते आणि 'तुम्ही' म्हणते. गृहिणी तिला 'ए बोहारीण' अशी हाक मारते आणि 'तू' म्हणते, मग वयाने ती आजीएवढी असली तरी. ती उंबऱ्याच्या आत येत नाही. पाटी आधी ती उतरविते. भांडे आधी ती दाखविते. कपडे मागाहून बाहेर येतात. आधी कोणी खाली ठेवावे, हा विनिमयातील सर्वांत जुना प्रश्न असून त्याचे उत्तर नेहमी दुबळ्याच्या वाट्याला येते. मुलांच्या गॅलरीतही थोरला मुलगा धाकट्याला बोलण्यातच हरवीत असे. 'आईशप्पत' घालावयास लावणे हा बलवानाचा हक्क होता. शब्दावर चालणाऱ्या व्यवहारात ज्याच्या शब्दाला वजन तोच जिंकतो, आणि वजन सर्वांना सारखे वाटलेले नसते.

या कसोटीवर मुक्या विनिमयाची बाजू भक्कम आहे. ट्रेडिंग पोस्टला खेळाडूची जात, मजला, माध्यम, वय यांपैकी काहीही दिसत नाही. तेथे 'तू' नाही आणि 'तुम्ही'ही नाही. दहा वर्षांच्या मुलाचा प्रस्ताव आणि तीस वर्षांच्या माणसाचा प्रस्ताव सारख्याच चौकटीत येतात. फसवणूक होत नाही, दटावणी होत नाही. हिरोडोटसने मुक्या व्यापारातील प्रामाणिकपणाचे कौतुक केले ते याचमुळे. समतेचे हे दान लहान नाही, आणि आपल्या समाजात वाढलेल्या समीक्षकाने तरी त्याची थोरवी कमी लेखू नये.

तथापि ही समता कशाच्या मोबदल्यात मिळाली तेही सांगणे समीक्षकाचे काम आहे. दुसऱ्याचे म्हणणे न ऐकण्याच्या मोबदल्यात ती मिळाली. बोहारणीला 'तू' म्हणणाऱ्या गृहिणीलाही तिचे म्हणणे अर्धा तास ऐकावे लागे. जर खरी की खोटी याविषयी बोहारणीचे ज्ञान आपल्यापेक्षा अधिक आहे हे तिला मनातून मान्य करावे लागे. विषम संबंधातही समोरच्याच्या बुद्धीला दिलेली ही सक्तीची दाद होती. ट्रेडिंग पोस्टवर सर्व समान आहेत, कारण तेथे कोणी कोणासाठी हजरच नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या खेळाचे मूल्यमापन येथे येऊन ठरते. त्याने विनिमयातील अन्याय काढून टाकला. पण अन्यायाबरोबर संवादही काढून टाकला, आणि या दोहोंना वेगळे करण्याचा यत्न केला नाही. समान संबोधनाचा बोलका विनिमय ही तिसरी शक्यता त्याने खेळाडूंवर सोपविली. भेटीच्या खोक्यांभोवती त्यांनी ती काही अंशी साध्य करून दाखविली, एवढे श्रेय खेळाडूंचे.

७

हा विचार खेळापुरता मर्यादित ठेवता येत नाही, कारण मुंबईचा मूळचा बोलका विनिमयच आता मुका होत चालला आहे. १९२०च्या दशकात बांधलेल्या नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि वरळी येथील बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. गिरगाव-लालबागच्या कित्येक वाड्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या फाटकावर फेरीवाल्यांना प्रवेश नाही अशी पाटी असते, आणि पहारेकरी ती पाटी अमलात आणतो. बोहारणीची पाटी फाटकाबाहेर राहते. आत गॅलरी नाही, म्हणून मुलांच्या अदलाबदलीला जागा नाही. सौदा पाहावयास जमणारे शेजारीही नाहीत, म्हणून 'कट्टी'ला धार नाही. ज्यांना स्वतंत्र स्नानगृह आणि उद्वाहन मिळाले त्यांनी चाळीसाठी हळहळावे, असे सांगणे उद्धटपणाचे होईल. पण तेथील भाषेची नोंद होण्यापूर्वी ती भाषा नाहीशी व्हावी, हा तोटा टाळता येण्यासारखा आहे.

आपल्या विभागांनी बोलींचे नकाशे काढले, शब्दसंग्रह केले. त्यांत शेतीचे शब्द आले, नात्यांचे आले, सणांचे आले. शहरातील सौद्याची भाषा मात्र बहुधा निसटली, कारण ती शुद्ध मराठी नव्हती आणि शुद्ध काहीच नव्हती. बोहारणीची तीन भाषांची घासाघीस, मुलांचे 'डबल' आणि 'पक्कं', भायखळ्याच्या पुढच्या गिरणीतील 'बदली' हे सारे आजही आठवणींतून मिळण्यासारखे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधासाठी विषय शोधत दूर जाण्याचे कारण नाही. त्याने एकच साधे काम करावे: कोणत्या व्यवहारात 'ला' येतो आणि कोणत्या व्यवहारात 'वर', एवढे पिढीवार नोंदवावे. जुन्या फ्रिजवर नवा फ्रिज घेतला, जुन्या फोनवर नवा फोन घेतला, असे आपण अजून म्हणतो. तेथे मोल दुकानदाराच्या तक्त्यात आधीच लिहिलेले असते, घासाघीस नसते. तरीही अव्यय टिकून आहे. व्यवहार मुका झाल्यावर व्याकरण किती काळ बोलत राहते, हे त्या नोंदींवरून कळेल.